जवळची वाट कोणाला?

मनुष्य पायी जातो की वाहनाने, सायकल काढतो की मोटार, बसची वाट पाहत उभा राहतो की रिक्षाला हात करतो, हे त्याच्या स्वभावावर, ऐपतीवर आणि सवडीवर अवलंबून असते असा आपला सर्वसाधारण समज आहे, आणि तो अगदीच निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु उंबरठा ओलांडून त्याने रस्त्यावर पाऊल ठेवण्यापूर्वीच या निवडीचा बराचसा निवाडा होऊन गेलेला असतो. आणि तो केलेला असतो त्या वस्तीच्या नकाशावर रेघा ओढणाऱ्या नगररचनाकाराने, किंवा नगररचनाकार तिकडे कधी फिरकलाच नसेल तर शेदीडशे वर्षांपूर्वी कायम झालेल्या एखाद्या शेताच्या बांधाने. रस्ता रुंद आहे की अरुंद, डांबरी आहे की काँक्रीटचा, याची चर्चा महापालिकांच्या सभांत आणि वृत्तपत्रांच्या स्तंभांत अखंड चालते. तो रस्ता दुसऱ्या कोणत्या रस्त्याला, किती अंतरावर आणि कोणासाठी मिळतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो, आणि नगरवासीयांच्या हालचालीचे मर्म बहुतांशी याच प्रश्नात आहे.

प्रथम एक लहानसा हिशेब मांडू. समजा, एखाद्या घरापासून शाळा सरळ रेषेत २०० मीटरांवर आहे, पण मधल्या आवारातून आरपार वाट नसल्यामुळे प्रत्यक्ष रस्त्याने ते अंतर ८०० मीटर भरते. हा ६०० मीटरांचा वळसा ताशी ५ किलोमीटर वेगाने चालणाऱ्या माणसाची सात मिनिटे घेतो, आणि तीही उन्हापावसातून. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दुचाकीस्वाराचे मात्र जेमतेम सव्वा मिनिट जाते. वळसा दोघांच्या वाट्याला सारखाच आला, पण त्याचा भुर्दंड सारखा पडला नाही. म्हणूनच वळशावळशांची आखणी प्रवास केवळ लांबवते असे नव्हे, तर प्रवासाचे साधनच बदलून टाकते: जे मूल आजीचे बोट धरून तीन मिनिटांत शाळेच्या फाटकाशी पोचले असते ते बापाच्या स्कूटरवर बसते, त्या स्कूटरींची गर्दी फाटकाशी दाटली की पायी येणाऱ्या उरलेल्या मुलांच्या पालकांना धास्ती वाटू लागते, आणि मग तीही मुले वाहनात बसतात. यात कोणाच्या आळसाचा संबंध नाही. आखणीने ज्याला जवळची वाट दिली त्या साधनाकडे माणसे वळली, एवढेच घडले.

जवळची वाट किती जवळची असू शकते याचे गणित भूमितीने पूर्वीच करून ठेवले आहे. काटकोनात छेदणाऱ्या समांतर रस्त्यांची चौकटीची आखणी आपल्याकडे १७२७ साली वसवलेल्या जयपुरात दिसते, अमेरिकेतील बहुतेक जुन्या नगरांत दिसते, आणि तिच्यात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे अंतर सरळ रेषेच्या अंतराच्या फार तर १.४१ पट होते; सर्व दिशांचा विचार करून सरासरी काढली तर ते १.२७ पटीच्या आसपास येते. याउलट बंद गल्ल्यांच्या आखणीत या पटीला वरची मर्यादाच नाही: पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन घरांत भिंतीचे अंतर वीतभर आणि रस्त्याचे अंतर मैलभर, असेही होऊ शकते. मात्र चौकट म्हणजे सर्व काही आले असेही नाही, कारण चौकट किती मोठी यावर पुष्कळच अवलंबून असते. रस्ते १०० मीटरांवर असतील तर एका चौरस किलोमीटरात सुमारे १०० चौक येतात. तेच २०० मीटरांवर नेले की २५ उरतात, आणि ४०० मीटरांवर नेले की जेमतेम ६. रस्त्यांची एकूण लांबी दर वेळी निम्म्याने घटते, पण चौक, म्हणजे वाट बदलण्याच्या संधी, चौपटीने घटतात. रस्त्यांवरचा खर्च वाचवू पाहणाऱ्या कारभाऱ्यांच्या ध्यानात ही गोष्ट सहसा येत नाही.

अमेरिकेतील दोन नगरांची तुलना या संदर्भात फार बोधप्रद आहे. १८४७ साली मॉर्मन पंथीयांनी वसवलेल्या सॉल्ट लेक सिटीत घरांचा प्रत्येक चौकोन ६६० फूट बाजूचा आणि रस्ते १३२ फूट रुंदीचे ठेवले गेले. बैल जुंपलेल्या लांबलचक गाड्यांना रस्त्यातच वळता यावे हा त्या रुंदीमागचा हेतू होता असे परंपरेने सांगतात. ऑरेगन प्रांतातील पोर्टलंड शहराच्या मध्यभागी मात्र चौकोनाची बाजू अवघी २०० फूट आहे. दोन्ही आखण्या चौकटीच्याच, दोन्ही सरळ आणि सुबक. पण दोन्हीकडचे रस्ते हिशेबात धरले तर सॉल्ट लेक सिटीतील एका चौकोनाच्या जागेत पोर्टलंडचे नऊ चौकोन सामावतात. पोर्टलंडमध्ये पायी जाणाऱ्याला मिनिटाभरात नवा कोपरा, नवे दुकान, नवी सावली भेटते. सॉल्ट लेकमध्ये तो २०० मीटर एकाच बाजूने चालत राहतो आणि शेवटी त्याला ४० मीटर रुंदीचा रस्ता ओलांडावा लागतो. जेन जेकब्स या न्यूयॉर्कवासी विदुषीने १९६१ साली अमेरिकी नगरांवर लिहिलेल्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात आखूड चौकोनांची बाजू मोठ्या आग्रहाने मांडली. लांब चौकोनांत प्रत्येक गल्लीतील माणसे आपापल्या ठरीव वाटेनेच जातात, त्यांचे मार्ग एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून मधल्या गल्लीत दुकान टिकत नाही, आणि दुकान नाही म्हणून पायी जाण्यास कारणही उरत नाही, हा तिच्या विवेचनाचा आशय आजही ताजा आहे.

आता आपल्या पुण्याकडे वळू, कारण एकाच नगरात तीन निरनिराळ्या आखण्या शेजारी शेजारी नांदताना पाहायच्या असतील तर पुण्याइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. आणि त्या ओळखण्यास पत्ता पुरेसा होतो. पेठांतील घरांच्या पत्त्यात पेठेचे नाव आणि घराचा क्रमांक असतो, शिवाजीनगर-एरंडवण्याकडे ‘फायनल प्लॉट’चा क्रमांक आढळतो, आणि कोथरूड, धनकवडी, कात्रज यांसारख्या पूर्वी गावे असलेल्या उपनगरांत ‘सर्व्हे नंबर’ आणि त्याचा हिस्सा लिहिलेला दिसतो. या तीन खुणांमागे रस्त्यांचे तीन इतिहास आहेत.

पेठांचा नकाशा परक्याला वेडावाकडा वाटतो, रस्ते अरुंद वाटतात, आणि मोटार घेऊन आलेला पाहुणा तर तिथे हैराणच होतो. परंतु पायी जाणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर या पेठांत बोळ, आळ्या, देवळांची आवारे आणि वाड्यांच्या मागच्या वाटा यांनी अशी काही सोय करून ठेवली आहे की कोणत्याही ठिकाणाहून कोणत्याही ठिकाणी जाण्यास त्याला दोन-तीन पर्याय सहज मिळतात. विश्रामबागवाड्याकडून तुळशीबागेतून मंडईत उतरणाऱ्या माणसाला थोडीच मिनिटे लागतात; तेच अंतर वाहनाने जायचे तर बाजीराव रस्त्याने उत्तरेकडे जाऊन, पूर्वेला वळून, शिवाजी रस्त्याने पुन्हा दक्षिणेकडे यावे लागते, कारण गेली कित्येक वर्षे या दोन रस्त्यांवर एकेरी वाहतुकीचा अंमल आहे. म्हणजे येथे एकाच भूमीवर दोन नगरे वसली आहेत: चालणाऱ्याचे एक, लहान आणि आटोपशीर, आणि वाहनाचे दुसरे, लांब आणि फेऱ्याचे. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून देशभर विख्यात होते, त्याला मुळा-मुठेच्या खोऱ्यातील बऱ्याच अंशी सपाट भूमी जशी कारण, तशीच कचेरी, शाळा, बाजार आणि घर यांना थोड्या अंतरात अनेक वाटांनी जोडणारी ही जुनी वीणही कारण होती, असे मला वाटते. जुने वाडे बहुतेक पडले, त्यांच्या जागी अपार्टमेंट उभी राहिली, पण बोळ मात्र बरेचसे जागच्या जागी आहेत. इमारतीपेक्षा वाट चिवट असते.

मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे अध्यापन सुरू करणारे स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी हिंदुस्थानातील अनेक नगरांची पाहणी करून असे बजावले होते की जुन्या वस्तीतून रुंद सरळ रस्ता कापून काढणे हा सर्वांत महाग आणि सर्वांत विध्वंसक उपाय होय; चार पडकी घरे काढून बोळाला हवा, उजेड आणि एखादे झाड मिळवून दिले तर तेच काम थोडक्यात साधते. त्यांचे हे म्हणणे आरोग्याच्या अंगाने आलेले होते, पण वाहतुकीच्या अंगानेही ते तितकेच खरे आहे.

‘फायनल प्लॉट’ची कथा निराळी. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला, आणि हिंदुस्थानातील त्या प्रकारचा तो पहिला कायदा होता. त्याच्या आधारे एखाद्या टापूतील सर्व मालकांच्या शेतजमिनी एकत्र हिशेबात घेऊन, रस्ते व बागा यांसाठी प्रत्येकाकडून हिस्सा काढून, उरलेल्या जमिनीचे आखीव तुकडे मूळ मालकांना परत देण्याची तजवीज झाली. मुंबईच्या उपनगरांपैकी पार्ले-सांताक्रूझचा बराच भाग अशा योजनांतून आकारास आला. पुण्यात प्रभात रस्त्याच्या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या पाहाव्यात: थोड्या थोड्या अंतरावर एक गल्ली, आणि एका गल्लीत काम चालू असेल तर पुढची मोकळी. सकाळी फिरायला निघालेल्या वृद्धांची संख्या या भागात जास्त दिसते ती काही तेथील वृद्ध विशेष उत्साही असल्यामुळे नव्हे.

आणि आता ‘सर्व्हे नंबर’. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अंमलदारांनी जमीनमहसुलासाठी जी नवी मोजणी सुरू केली, तिच्यात शेताचा क्रमांक पाडताना माप धरले होते ते एका बैलजोडीने कसता येईल एवढ्या जमिनीचे. जमिनीच्या प्रतीप्रमाणे ते कमीजास्त होई, पण जिरायतीत बारा ते वीस एकरांच्या घरात जाई. सोळा एकरांचे चौकोनी शेत कल्पिले तर त्याची बाजू सुमारे २५० मीटर भरते. शहर वाढत गेले तेव्हा ज्या गावांत नगररचनेची योजना वेळेवर झाली नाही तिथे गाडीवाटा आणि पाणंदी हेच मुख्य रस्ते बनले, शेतामागून शेत बिल्डरांच्या हाती गेले, आणि प्रत्येकाने आपल्या नंबराभोवती भिंत घालून आत एकच फाटक ठेवले. शेजारच्या नंबरात जाण्यास पूर्वी बांधावरून पायवाट होती. तीही भिंतीखाली गेली. अशा रीतीने महसूल दप्तरातील बैलजोडीचे माप हे विसाव्या-एकविसाव्या शतकातील नगराच्या चौकोनाचे माप होऊन बसले, आणि तेही चारी बाजूंना रस्ता असल्याची खात्री नसताना. शेजारच्या सोसायटीतील मैत्रिणीकडे जाण्यासाठी येथील मुलीला आधी मुख्य रस्त्यावर यावे लागते, तिथल्या धावत्या रहदारीच्या कडेने चालावे लागते आणि मग दुसऱ्या फाटकातून आत शिरावे लागते. तिची आई तिला एकटीला पाठवीत नाही, यात नवल नाही. बसचीही तीच गत: ती मुख्य रस्ता सोडून आत येऊ शकत नाही, कारण आतून दुसऱ्या बाजूला निघायला वाटच नसते, म्हणून थांबा दूर पडतो, आणि थांबा दूर म्हणून दुचाकी घेतली जाते. सगळी वाहने शेवटी त्या एकाच मुख्य रस्त्यावर उतरतात. मग तो रुंद करण्याची मागणी होते, रुंद केला की तो ओलांडणे अवघड होते, आणि पायी चालणारे आणखी घटतात.

अशी शाखांची आखणी, म्हणजे मोठ्या रस्त्याला मधला, मधल्याला लहान आणि लहानाचा शेवट बंद, ही आपल्याकडे अव्यवस्थेतून आली. पाश्चात्त्य देशांत मात्र ती विचारपूर्वक स्वीकारली गेली. न्यू जर्सीतील रॅडबर्न या वसाहतीची रचना क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी १९२९ साली केली तेव्हा मोटारींपासून मुलांचे रक्षण हाच त्यांचा हेतू होता. घरांच्या पुढे मोटारींसाठी बंद गल्ल्या, आणि घरांच्या मागे बागेतून अखंड जाणारी पायवाट, ती मोठ्या रस्त्याखालून भुयारी मार्गाने पलीकडे निघणारी, अशी ती योजना होती. तिच्यात मोटार अडत होती, माणूस अडत नव्हता. पुढे अमेरिकी सरकारच्या गृहकर्ज खात्याने बंद गल्ल्यांची शिफारस केली आणि देशभर त्यांची उपनगरे उठली, पण अनुकरण करणाऱ्यांनी बंद गल्ली तेवढी उचलली आणि पायवाट वगळली. स्टाइन-राइट यांच्या कल्पनेचा अर्धा भाग टाकून दिल्यावर उरलेल्या अर्ध्याचा परिणाम नेमका उलटा झाला, ही नगररचनेच्या इतिहासातील मोठी खेदाची गोष्ट म्हटली पाहिजे.

चंदीगडचे स्थान रॅडबर्न आणि त्याचे अर्धवट अनुकरण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांनी तेथील रस्त्यांच्या सात श्रेणी ठरवल्या आणि सुमारे १२०० मीटर लांब व ८०० मीटर रुंद असे सेक्टर पाडले. सेक्टरच्या आत बाजाराचा रस्ता, शाळा आणि हिरव्या पट्ट्यातून जाणारी पायवाट आहे. भोवतालच्या वेगवान रस्त्यांवर घरांची दारे उघडत नाहीत. म्हणून आपल्या सेक्टरात राहणाऱ्याला चालणे सुखाचे होते, यात शंका नाही. पण ज्याचे काम शेजारच्या सेक्टरात आहे त्याला तो वेगवान रस्ता ओलांडावा लागतो, आणि चौकाचौकांतील वर्तुळाकार बेटांभोवती न थांबता फिरणारी वाहने त्याला सहजी वाट देत नाहीत. दरडोई मोटारींच्या बाबतीत देशातील अग्रगण्य शहरांत चंदीगडची गणना होते; तेथील सुबत्ता हे त्याचे एक कारण खरे, पण आखणीचा वाटाही त्यात आहेच.

हॉलंड देशातील दोन उदाहरणे मला सर्वांत मोलाची वाटतात. उट्रेक्टजवळचे हाउटन हे नगर गेल्या शतकाच्या आठव्या दशकापासून वाढले. त्याच्याभोवती एक वळणरस्ता आहे, आणि मोटारीने एका वस्तीतून शेजारच्या वस्तीत जायचे तर आधी त्या वळणरस्त्यावर बाहेर पडून, फेरा घालून, पुन्हा आत शिरावे लागते. सायकल आणि पायी यांच्या वाटा मात्र सरळ नगराच्या मध्यातून, शाळांजवळून, रेल्वे स्टेशनापर्यंत जातात. मोटारीला बंदी नाही, तिला प्रत्येक घराच्या दारापर्यंत जाता येते; फक्त जवळची वाट तिला दिलेली नाही. दुसरे उदाहरण ग्रोनिंगेनचे, आणि आपल्यासारख्या जुन्या नगरांच्या लोकांनी ते विशेष लक्षात घ्यावे, कारण तेथे एकही नवे नगर वसवावे लागले नाही. १९७७ साली तेथील नगरमंडळाने जुन्या मध्यवस्तीचे चार भाग केले आणि एका भागातून दुसऱ्यात मोटारीने थेट जाण्यास मज्जाव केला. बाहेरच्या वळणरस्त्यावरूनच जावे, असा दंडक घातला. आरंभी व्यापाऱ्यांनी कडाडून विरोध केला. आज त्या शहरांतर्गत होणाऱ्या प्रवासांपैकी निम्म्याहून अधिक सायकलने होतात. तेथे घरे पाडली गेली नाहीत. काही फलक, काही अडथळे आणि एक ठाम हुकूम, एवढ्यावर आखणी बदलली. रस्त्यांची आखणी ही जमिनीवर असते तशी परवानगीतही असते, ही गोष्ट एरवी फारशी ध्यानात येत नाही.

येथे एक शंका घेतली जाईल, आणि ती रास्त आहे: ज्यांना चालण्याची आवड आहे तेच लोक चालण्याजोग्या वस्तीत घर घेत असतील, तर श्रेय आखणीला कसे द्यावे? शिवाय उत्पन्न, चढउतार, पाऊस आणि वस्तीची दाटी यांचाही प्रभाव असतोच. अमेरिकी अभ्यासक रीड युइंग आणि रॉबर्ट सर्व्हेरो यांनी २०१० साली पूर्वीच्या अनेक पाहण्यांचे एकत्र मंथन केले. कोणत्याही एका गोष्टीचा प्रभाव प्रचंड नाही, अनेक गोष्टी मिळूनच फरक पडतो, असे त्यांना दिसले. पण पायी चालण्याशी सर्वांत निकटचा संबंध ज्यांचा आढळला त्यांत चौकांची घनता, घर-दुकान-कचेरी यांचे मिश्रण आणि चालण्याच्या टप्प्यात येणाऱ्या ठिकाणांची संख्या यांचा समावेश होता. चौकांची घनता १ टक्क्याने वाढल्यास चालण्याचे प्रमाण सुमारे ०.४ टक्क्याने वाढते, असा त्यांच्या हिशेबाचा अर्थ होतो. रस्त्याची रुंदी त्या यादीत अग्रस्थानी नव्हती.

पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे आणली गेली, आणि माण-म्हाळुंग्यासारख्या भागांत नगररचना योजनांचे काम हाती घेतले गेले. म्हणजे बैलजोडीचे नंबर अद्याप पुष्कळ ठिकाणी भिंतींनी वेढले जायचे आहेत, आणि तेथे पायवाटांची तरतूद करायची तर ती मोजणीच्या वेळीच करता येते. २५० मीटर बाजूच्या चौकोनातून ४ मीटर रुंदीची एक आरपार वाट काढली तर जमीन जाते ती १.६ टक्के, दोन्ही दिशांनी काढली तरी सव्वातीन टक्क्यांच्या आतच. तिच्या तोंडाशी दोन खांब रोवले की मोटार आत येत नाही, सायकल आणि माणूस येतात. सुरक्षिततेच्या चिंतेने भिंत हवी असे रहिवाशांना वाटते, ते स्वाभाविक आहे. पण इमारतींच्या खिडक्या आणि दुकानांची दारे त्या वाटेकडे ठेवली तर निर्मनुष्य भिंतीलगतच्या पदपथापेक्षा ती कितीतरी अधिक राखलेली असते. आज योजनेच्या नकाशावर एक रेघ आणि दप्तरात एक नोंद एवढ्यावर जे काम भागते, तेच इमारती उभ्या राहून, सदनिका विकल्या जाऊन, जमिनीचे खरेदीखत सोसायटीच्या नावे झाल्यावर करायचे म्हटले तर सभासदांची संमती मिळवावी लागते, नाही तर भूसंपादनाची कारवाई करावी लागते, आणि तोवर त्या वस्तीतील पहिली पिढी शाळा संपवून बाहेर पडलेली असते.